मागच्या चाकाचा भंडारा

आई मोटारसायकलवरून पडली त्या रविवारपासून मी खंडोबाला हात जोडणं बंद केलं. आज हे लिहायला संकोच वाटतो, तेव्हा मुळीच वाटला नव्हता. वडील गेल्यापासून महिन्यातल्या एका रविवारी आईला मागे बसवून माकणीहून अणदूरला दर्शनाला न्यायचं, असा आमचा नेम होता. त्या दिवशीही दर्शन घेऊनच परत येत होतो. गावाजवळच्या वळणावर गाडी डुलायला लागली, मागच्या चाकातली हवा कमी झालीय हे मला उशिरा कळलं, आणि आई रस्त्यावर पडली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सत्तरीची बाई हात प्लास्टरमध्ये घालून मलाच समजावत होती, की देवानं वाचवलं म्हणून थोडक्यात भागलं. माझं डोकंच फिरलं. वाचवायचंच होतं तर पाडलं कशाला, आणि तेही स्वतःच्या दारातून परत येताना? देवाला असं बोलू नये, असं आई म्हणाली. मी आणखी बोललो.

माझा दुसरा राग पंक्चरवाल्यांवर होता. गाडीचे टायर ट्यूबलेस. खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही, हा त्यांचा गुण सांगतात. मला तो गुण वाटेनासा झाला होता, कारण हवा हळूहळू जाते तेव्हा माणूस गाफील राहतो. आठवड्यात दोनदा चाक मऊ पडायचं. एकानं छिद्र नसलेल्या जागी रबराची पट्टी टोचली. दुसऱ्यानं टायरची कड उचलून आत हिरवं लिक्विड ओतलं आणि आता वर्षभर बघायचं काम नाही म्हणाला. चौथ्या दिवशी मी परत त्याच्या दारात. तिसऱ्यानं रिमची कड हातोडीनं ठोकून बघितली. चौथ्यानं साबणाचं पाणी मारून चाक गरगरा फिरवलं, कुठंच बुडबुडा दिसेना, तेव्हा तोंड वर करून सांगितलं की तुम्हाला भास होतोय. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतो. रोज सकाळी मीटर लावून चाकातली हवा तपासत होतो. भास असा दररोज थोडा थोडा कमी होत नसतो, असं मी त्याला तिथंच सुनावलं.

आईचा मात्र गाडीवर राग नव्हता. अणदूरहून आलं की पिशवीतला भंडारा काढून ती गाडीला लावायची. आधी दिव्याला, मग हँडलला, आणि शेवटी खाली बसून मागच्या चाकाच्या वॉलला, म्हणजे हवा भरायच्या तोंडाला. त्याचं टोपण केव्हाच हरवलेलं. इथूनच गाडीत जीव भरतात, म्हणून इथं लावायचा, असं तिचं म्हणणं. प्लास्टर असताना वारी बंद होती, तरी घरातला भंडारा घेऊन तिनं डाव्या हातानं हे चालू ठेवलं. मी बघायचो आणि दात-ओठ खायचो.

प्लास्टर निघालं आणि आईनं जाहीर केलं की येत्या रविवारी देवाला जायचं, आणि जायचं ते माझ्याच गाडीवर. मी म्हटलं, जीप सांगतो. ती ऐकेना.

"तू हायस, तो हाय. मग मी कशाला भिऊ?"

या वाक्यानं मी जितका घाबरलो तितका अपघातानंही घाबरलो नव्हतो. जे चाक मला कळत नव्हतं त्याच्यावर आई निर्धास्त बसणार होती. पुन्हा पडली तर हातावर भागेलच असं नव्हतं. आणि भरवसा कुणाचा, तर माझा आणि ज्यानं एकदा पाडून दाखवलं त्याचा.

आदल्या दिवशी शाळा सकाळचीच होती. सुटल्यावर मी एकटाच अणदूरला निघालो, दर्शनाला नव्हे, भांडायला. निघताना मुद्दाम हवा भरली नाही. आई म्हणते ना तू सांभाळतोस, मग सांभाळ, असा तो सगळा मामला होता. वयाच्या पंचेचाळिशीत माणूस इतका पोरकट होऊ शकतो, हे मला त्या दिवशी समजलं.

अणदूरला देवळात गेलो तर सगळं शांत. बाहेर भंडारा विकणाऱ्या म्हातारीनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "देव नळदुर्गला गेलाय की. इसरलाव व्हय?" मी कपाळावर हात मारून घेतला. इथला देव मूर्तीसह दोनेक महिने नळदुर्गला मुक्कामाला असतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. जन्मभर वारी करणारा मी, रागाच्या भरात तेवढंच विसरलो होतो. त्यावरही मी देवालाच बोललो. भांडायला आलो तर हा घरात नाही.

मग तसाच नळदुर्गच्या रस्त्याला लागलो आणि वाटेत चाक पुरतं बसलं. उन्हात गाडी ढकलत एका पत्र्याच्या दुकानापाशी पोचलो. दुकान एका बाईंचं होतं. पन्नाशीच्या असतील, पदर खोचलेला, हाताला काळं. मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. मी घाम पुसत चारही पंक्चरवाल्यांचा उद्धार केला. त्यांनी तो सगळा ऐकून घेतला, हवा भरली आणि चाकाला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. मग त्यांचा हात वॉलपाशी येऊन थांबला.

"दादा, आमी देवाचं करत न्हाय," त्या म्हणाल्या. "पण ह्यो तुमच्या देवाचा भंडारा हाय, म्हणून इचारते. पुसू का?"

मी मान हलवली. त्यांनी हात धुतले, कोरडं फडकं घेतलं आणि तो पिवळा थर हळूच एका कागदावर काढून घेतला. वॉलच्या तोंडावर बोटानं पाण्याचा थेंब ठेवला. थेंब फुगला, फुटला, पुन्हा फुगला. आतली पिन फिरवून काढली तर तिच्या रबरापाशी भंडाऱ्याचा कण घट्ट बसलेला. हवा भरताना वरचा भंडारा आत जायचा आणि पिन नीट मिटायचीच नाही.

तेव्हा मला ते चौघे आठवले. काम करताना हात वॉलपाशी आला की प्रत्येकानं तो आवरता घेतला होता. देवाच्या भंडाऱ्याला घाणेरडा हात कसा लावायचा, म्हणून. ज्यांना मी कामचुकार म्हणत होतो, ते माझ्या आईचाच मान राखत होते.

बाईंनी नवी पिन बसवली, वर टोपण घट्ट लावलं आणि कागदातल्या भंडाऱ्याची पुडी करून जुन्या पिनेसह माझ्या हातात दिली. "भंडारा सांडू नगा," एवढंच म्हणाल्या. त्यांचा देव नव्हता, त्यांना पुण्य नको होतं. मी नळदुर्गला गेलो, देवासमोर उभा राहिलो, खिशातली पिन चाचपली आणि न भांडताच बाहेर आलो.

परतताना मात्र राग पुन्हा चढला. आता पुरावाच खिशात होता. आईसमोर पिन ठेवायची आणि विचारायचं, सांग, कुणी पाडलं तुला? अख्ख्या रस्त्यात मी ते वाक्य घोटून ठेवलं. घरी आलो तर आई अंगणातच बसलेली. चाकाचं दुखणं सापडलं का, म्हणाली. मी म्हटलं, सापडलं. काय होतं, असं तिनं विचारलंच नाही. माझ्या हातातली पुडी घेतली, उघडली आणि त्या वाकड्या जुळलेल्या मनगटानं चिमूट घेऊन चाकाकडे सरकली. माझा हात खिशात पिनेवर होता. मी तिच्यासमोर खाली बसलो.

"आई, गाडीला नको. हितं लाव."

तिनं माझ्या कपाळाला भंडारा लावला. थोडा माझ्या डोळ्यात गेला, आणि मग मला रडता आलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या मागे बसून नळदुर्गला आली. वाटेत त्या दुकानापाशी मी गाडी थांबवली आणि बाईंना हात जोडले. आईला कारण माहीत नव्हतं, तिनंही जोडले.