चुनकळीचं उत्तर

आज सकाळी शेजाऱ्यानं भिंतीला सफेदी करायची म्हणून पत्र्याच्या डब्यात चुनकळीचे खडे टाकले आणि वर पाणी ओतलं. खाली विस्तव नाही, तरी डबा खदखदू लागला. मी ओट्यावर बसून बघत होतो आणि माझी मान खाली गेली.

परवा नात सुमी अभ्यासाला बसली होती. म्हणाली, "आबा, चुनकळीत पाणी घातलं तर संयुग होतं. दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी."

मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. म्हणालो, "कालवलं की मिश्रण. तेच लिही. पुस्तकवाल्यानं कधी थापी धरलीय का?"

"पण बाई म्हणाल्या..."

"बाई मोठ्या का मी?"

पोरीनं आपलं खोडून माझं उत्तर लिहिलं.

वाळू पाण्यात कालवली तर थोड्या वेळानं खाली बसते, वाळू ती वाळूच. चुनकळीचं तसं नाही. भिजलेला चुना वाळवला तरी भुकटीच राहते, तो खडा पुन्हा हाती येत नाही. हे माझ्या हातांना ठाऊक होतं. तोंडानं ऐकलं नाही.

दुपारी सुमी शाळेतून आली. विचारलं, "काय गं, ते उत्तर?"

"बरोबर आलं, आबा," म्हणत तिनं वही दप्तरात खाली दडपली. तांबडी फुली मला दिसलीच.

सहावीतली पोर माझी लाज राखत होती. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "दार लोट गं, माश्या येतात."