बॅगेपाशी कोण?

कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारी बॅग परदेशात वापरू नये. काळी, चौकोनी, वर कंपनीचं नाव ठसठशीत. ती खांद्याला लावून फिरणं म्हणजे आत काय आहे याची दवंडी पिटणं. हे मला पहिल्याच प्रवासात कळलं आणि बंगळुरात परत आल्यावर मल्लेश्वरमच्या आमच्या शिंप्याकडे मी जाड, मळखाऊ हिरव्या कापडाची पिशवी शिवायला टाकली. आत जुन्या सुती साडीच्या घड्या घालून कप्पे, तोंडाशी मजबूत चेन, आडवा लांब पट्टा. शिंप्याने ती शिवून झाल्यावर उलटीसुलटी करून पाहिली.

"तरकारीगा, अक्का?" भाजीसाठी का, असं.

"हौदु," म्हटलं. त्याला भाजीची वाटली म्हणजे चोरालाही वाटेल.

बाकीचे नियम हळूहळू बसत गेले. लेन्सा लोकरी मोज्यांत घालायच्या; मोजे कोणी चोरत नाही आणि थंडीत उपयोगी पडतात. बॅटऱ्या आपल्याजवळ, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीच नाही. भरलेली कार्डं बॅगेत ठेवायची नाहीत, कुडत्याच्या आतल्या खिशात. कॅमेरा गेला तर पुन्हा घेता येतो, फोटो येत नाहीत. गर्दीत लेन्स बदलायची नाही. ट्राममध्ये पिशवी पोटावर घ्यायची आणि वरून ओढणी सोडायची. माझ्या वयाच्या बाईच्या पोटाकडे कोणी पाहत नाही, हा एक फायदाच.

पण हे सगळे नियम एका मोठ्या नियमावर उभे होते आणि तो मी कधी नियम म्हणून धरलाच नव्हता. बॅगेपाशी एक माणूस बसलेलं असतं.

ते माणूस म्हणजे माझी मैत्रीण. आम्ही एकाच सरकारी प्रयोगशाळेत. ती नागपूरहून लग्न होऊन इथे आलेली, माझ्याहून थोडी मोठी. मी इथेच वाढलेली, लग्न न केलेली. तिच्या नवऱ्याला विमान म्हटलं की पोटात कळ यायची, त्यामुळे वर्षाची रजा आम्ही दोघींनी मिळून काढायची असं ठरून गेलं होतं. तिला फोटोंचं काहीही नव्हतं. चौकात पोचलं की ती सावलीतलं बाकडं शोधायची, पिशवी पायाशी ठेवून पट्ट्यात एक पाय अडकवायची आणि पर्समधून मराठी शब्दकोड्यांचं पुस्तक काढायची.

"जा. तुझ्या खिडक्या टिपून ये."

"पाचच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं मला माहीत आहेत. एक कोडं पुरं होतं आणि दुसरं अर्धं."

मी गळ्यात कॅमेरा आणि हातात एक लेन्स एवढंच घेऊन मोकळी फिरायची. परत आले की ती उठायची, "आता तू बस," म्हणून बाथरूमला जायची. इतकी साधी गोष्ट. तिच्यामुळेच मी मोठी टेलिलेन्स घेतली. दुधी भोपळ्याएवढी लांब आणि भरल्या तांब्याएवढी जड, शिवाय त्या लेन्ससाठी ट्रायपॉड. एवढं सामान एकट्या माणसाचं नव्हेच. घेताना मी तसा विचार केला नव्हता, कारण आम्ही दोघी होतो.

मग ती निवृत्त झाली. पुण्याच्या लेकीला दिवस गेलेले. तिच्या मदतीला पुण्यालाच जाऊन राहायचं, इलेक्ट्रॉनिक सिटीतला फ्लॅट भाड्याने द्यायचा असं ठरलं आणि आवराआवर करायला मी गेले. तिने मला कुकर दिला, कढीपत्त्याची कुंडी दिली आणि माळ्यावरून रेल्वेची साखळी काढली. बर्थखाली सामान बांधायची असते ती, कुलपासकट. नागपूरला जाता-येता वापरून कुलपाचा रंग उडाला होता.

"ही ठेव. मी नसेन तेव्हा ही बसेल तुझ्या बॅगेपाशी."

"हिला शब्दकोडी येतात का?"

"तुझ्यापेक्षा बरी येत असतील. आणि तोंड वाकडं करू नकोस. वर्षभराचा तर प्रश्न आहे. बाळ जरा हाताला आलं की निघू."

नात झाली. वर्ष गेलं. रजेचा महिना आला तेव्हा मी फोन केला. ती म्हणाली, "या वर्षी नाही गं जमणार. पुढच्या नक्की." मी एकटीचं तिकीट काढलं. पोर्तुगाल.

सामान भरताना खरा प्रश्न आला. शहाण्या माणसाने छोटा कॅमेरा, एक लेन्स घेतली असती आणि बाकी कपाटात ठेवलं असतं. मलाही ते कळत होतं. पण मोठी लेन्स घरी ठेवायची म्हणजे मैत्रीण आता येणार नाही, हे आपणच ठरवून टाकायचं. ते ठरवायची माझी तयारी नव्हती. म्हणून सगळंच घेतलं. आणि तिचा शब्द खरा मानून साखळीही घेतली.

इथे बंगळुरात एकट्या बाईचं अडत नाही. मेट्रोच्या बाकावर शेजारी कोणी अक्का असतेच. "स्वल्प नोडकोळ्ळी," जरा लक्ष ठेवा, म्हटलं की ती मान हलवते, आणि तेवढ्यापुरती ती पिशवी तिची होते. दुसरं कोणी जवळ आलं तर ती डोळे वटारते. परदेशात स्टेशनांवर दर थोड्या वेळाने भोंग्यातून सांगतात की सामान सोडून जाऊ नका, अनोळखी माणसाचं सामान सांभाळू नका. दोघी असताना ही सूचना आम्ही ऐकलीसुद्धा नव्हती. आता ती मला उद्देशूनच वाटायची.

पहिले दिवस मी पिशवी अंगावरून उतरवलीच नाही. मांडीवर पिशवी घेऊन सूप प्यायचं म्हणजे हात लांब करून, गाईला चारा घालावा तसं स्वतःला भरवायचं. खांदा दुखायला लागला. फोटो तर निघेचनात. मोठी लेन्स लावायची तर ट्रायपॉड उघडायचा, ट्रायपॉड उघडायचा तर पिशवी खाली ठेवायची, आणि पिशवी खाली ठेवली की डोळा कॅमेऱ्यात राहत नाही.

मग एका नदीकाठच्या शहरातल्या रेल्वे स्टेशनात गेले. भिंतींवर निळ्या फरशांची मोठमोठी चित्रं. दुपारची गर्दी कमी होती, उजेड चांगला होता, कामही छान झालं. आणि मग व्हायचं तेच झालं, बाथरूमला जायची वेळ आली. बाथरूम खाली, अरुंद जिना उतरून, पुढे एकेकाला आत सोडणारा फिरता दांडा. वरूनच एकदा वाकून पाहिलं. ट्रायपॉड, पिशवी आणि मी असे तिघं त्या दांड्यातून एकदम जाणार नव्हतो.

मी बाकावर बसले. आजूबाजूला पाहिलं. एक म्हातारी बाई होती. तिला विचारावं असं वाटलं, पण भाषा नाही आणि ती सूचना डोक्यात. तेव्हा साखळी आठवली. स्वतःला इतकं हुशार वाटलं म्हणून सांगू! पिशवी बाकाखाली सरकवली, ट्रायपॉड आडवा घातला, साखळी पट्ट्यांतून आणि बाकाच्या लोखंडी पायातून दोनदा फिरवली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात. कॅमेरा बरोबर घेतला आणि निश्चिंत मनाने खाली गेले. खाली बायकांची रांग होती, वेळ लागला.

वर आले तेव्हा माझं बाकडं एकटं होतं. भोवती मोठी जागा मोकळी करून लाल-पांढरी पट्टी लावली होती, दोन पोलीस उभे होते आणि लोक लांबून माना उंचावून बघत होते. मीही त्यांच्यात उभी राहून मान उंचावली. काय झालंय म्हणून. मग बाकाखाली मला हिरवं कापड दिसलं.

भाजीची पिशवी चोराला फसवते, हे खरं. पण बाकाला साखळदंडाने बांधून ठेवलेली, लोखंडी नळ्या बाहेर आलेली बेवारशी पिशवी पोलिसाला काय वाटेल, याचा विचार फक्त भारतीय रेल्वेत वाढलेलं माणूसच करत नाही.

मी गळ्यातली किल्ली वर धरून पुढे गेले. "माइन," म्हणाले. "दॅट इज माइन." तरुण पोलिसाने मला हातानेच थांबवलं. दुसरी पोलीस बाई होती, माझ्याच वयाची. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, सावकाश.

"तुमची आहे?"

"हो."

"बांधली कोणी?"

"मीच."

"का?"

"चोरीला जाऊ नये म्हणून."

तिने साखळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"ग्रुप? नवरा?"

"नाही."

"मग ही एवढी मोठी बॅग कोणाची?"

मी नुसतीच किल्ली पुढे केली. तिने प्रश्न पुन्हा विचारला. तिला वाटलं मला इंग्रजी कळलं नाही.

ते पिशवीला हात लावेनात. शेवटी मलाच उघडायला लावलं, ते पाठी उभे. रिकाम्या जागेत मी एकटी गुडघ्यांवर बसून कुलूप काढत होते आणि ते ऐन वेळी अडकत होतं. एकेक मोजा काढून लेन्स दाखवली. फिल्मच्या एका जुन्या रोलच्या डबीत मेतकूट होतं, हॉटेलच्या कोरड्या भाताबरोबर खायला. पिवळी पूड पाहून तरुण पोलीस पुन्हा ताठ झाला. मी चिमूटभर तोंडात टाकलं, गिळलं, डबी पुढे केली. पोलीस बाईने वास घेतला आणि तिला हसू आलं. लांबून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग ती गंभीर झाली. "मॅडम, तुम्ही अजून थोडा वेळ आला नसतात तर आम्हाला हे सगळं स्फोटाने उडवावं लागलं असतं. एकटं असताना जेवढं बरोबर नेता येतं तेवढंच आणा."

मी माफी मागितली. तिने पट्टी गुंडाळली. लोक पुन्हा आपापल्या गाड्यांकडे गेले आणि परत येऊन बसलेल्या त्या म्हातारीने मला बाकावर शेजारी जागा करून दिली.

हसण्यासारखीच गोष्ट होती. मीही आतून हसत होते, पण एकट्याने हसून गोष्ट पुरी होत नाही. तिथेच बसून पुण्याला फोन लावला. मागे बाळ रडत होतं.

"अगं, ऐक ना, तुझ्या साखळीने काय केलं..."

"थांब, थांब, हिला भरवतेय. तू बरी आहेस ना? मग नंतर सांग हं निवांत."

नंतर मी निवांतपणे सांगितलं नाही. ते राहूनच गेलं. उरलेले दिवस पिशवी हॉटेलात ठेवली आणि फोनवर फोटो काढले.

परत आल्यावर मोठी लेन्स विकायला काढली. तिला सांगणं भाग होतं.

"विकतेस? अगं, मग आपण गेलो की?"

"कधी जायचं?"

"बघू ना. ही शाळेत जायला लागली की."

"ती अजून पाळण्यात आहे."

 पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "चांगले पैसे येतील का?"

"येतील."

"मग विक. कसली जड होती मेली. माझ्या पायाला वळ यायचा पट्ट्याचा."

हे तिने मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "तू पाय काढून का नाही घेतलास?" ती म्हणाली, "मग बॅग कोणी बघितली असती?" आणि बाळ उठलं म्हणून फोन ठेवला.

लेन्स घेणारी मुलगी पुण्याची, कोरमंगल्यात पीजीत राहणारी, आयटीतली. तिथल्याच एका कॅफेत भेटलो. तिने लेन्स लावून खिडकीबाहेरच्या तारेवरची घार पाहिली. "काकू, सो शार्प! आमचा बर्डिंगचा ग्रुप आहे ना, वीकेंडला जातो. सगळे जेलस होणार." मी ट्रायपॉडही देऊन टाकला. साखळी दाखवली तर ती हसली. "हे काय, सायकलचं?" ती साखळी मी परत पर्समध्ये टाकली.

व्यवहार झाल्यावर तिने उठून इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर लॅपटॉपची बॅग, हेल्मेट, आणि आता लेन्स.

"काकू, मी जरा वॉशरूमला जाऊन येऊ? तुम्ही आहात ना पाच मिनिटं?"

"आहे."

ती गेली. मला घाई होती; संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये कोरमंगल्याहून मल्लेश्वरमला जायचं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण बसले. तिच्या बॅगेचा पट्टा खाली लोंबत होता. मी चप्पल काढली आणि त्यात पाय अडकवला. काचतो खरा.