पोयसरच्या खोलीतलं कार्ड

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला लिंबू-मिरची सुचवायला नको... माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. मी सुषमा, वय सत्तेचाळीस, दहिसरला चौदाव्या मजल्यावर एकटी राहते. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून घरात आवाज फक्त मिक्सरचा आणि माझ्या कीबोर्डचा. काम घरूनच. काही दिवस तर असे जातात, की वॉचमनला "हो, पार्सल माझंच" म्हटलं की दिवसभराचं बोलणं संपलं.

कामाबद्दल थोडक्यात सांगते, कंटाळू नका. आमचं सॉफ्टवेअर नेटवर्क कार्डाचं सोंग घेतं. खरं कार्ड नसतंच, पण समोरच्या प्रोग्रामला ते कळता कामा नये. कार्डाच्या आत छोटे छोटे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. कार्ड रीसेट केलं की कुठल्या कप्प्यात कुठला आकडा यायला हवा, ते बनवणाऱ्याने कागदावर, म्हणजे डेटाशीटवर, छापलेलं असतं. आमच्या सोंगातले काही आकडे चुकले होते, ते सुधारायचं काम माझ्याकडे आलं.

बाकीचे पटापट झाले. घोडं अडलं एका कप्प्यावर. वायरच्या दुसऱ्या टोकाला कुणी चालू आहे का, एवढंच तो सांगतो. असेल तर एक, नसेल तर शून्य. वायरच नसेल तर अर्थात शून्य. आमच्याकडे मात्र एक होता, आणि त्यामुळे लोकांची मशिनं सुरू होतानाच, समोर कुणी नसताना, उत्तराची वाट बघत अडकून बसायची.

कोडमध्ये त्या कप्प्याच्या ओळीवर बारा वर्षांपूर्वीची टीप होती – "कागदात शून्य आहे. कार्ड एक सांगतं. तीनदा पाहिलं. – एलायस."

घरून काम सुरू होण्याआधी एलायस ऑफिसात नऊ वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. हे काम मला त्यानेच शिकवलं. गेल्या वर्षी अचानक गेला. कागदावर त्याचा कधी भरवसा नव्हता. "हातच्या कांकणाला आरसा कशाला गं सुषे? कार्ड आहे ना? वाच की!" असं म्हणायचा.

आमचा मॅनेजर निखिल कॉलवर म्हणाला, "अगं, त्याने डेटाशीट उघडलंच नसेल. टीप उडव, शून्य टाक, विषय संपव यार."

मला इतका राग आला! मेलेला माणूस उलटून बोलत नाही म्हणून काहीही बोलायचं? ते कार्ड एलायसच्या घरच्या जुन्या कम्प्युटरमध्येच होतं, हे मला माहीत होतं. रविवारी सकाळी मी पोयसरच्या गावठाणात त्याच्या आईकडे गेले. तिला सगळे मायच म्हणतात. ऐंशी पार केलेली, तीही एकटीच.

"खोली हाय तशीच ठेवलीय," माय म्हणाली. मग दारातच थांबून तिने विचारलं, "माज्या पोराचं काय चुकलं काय गो?"

"तेच बघायला आलेय, माय."

कम्प्युटर सुरू केला. कार्डाच्या मागचं वायरचं भोक रिकामं, वर बोटभर धूळ. रीसेट केलं, कप्पा वाचला.

एक.

पुन्हा केलं. दहा वेळा केलं. दहाही वेळा एक. म्हटलं, कार्ड बिघडलंय. सगळं धूड रिक्षात घालून दहिसरला आणलं आणि माझ्या टेबलावर लावलं. शून्य. पंधरा वेळा शून्य.

आता एक कबूल करते, हसू नका. त्या संध्याकाळी मी बाबांची खुर्ची ओढून कम्प्युटरजवळ ठेवली. "बाबा, आहात का?" असं मोठ्याने विचारलं आणि रीसेट केलं. शून्य. एवढ्याशा आकड्यापायी मी भोकाड पसरून रडले.

पुढच्या रविवारी परत पोयसर. खोलीत ठेवलं – एक. बाहेर ओटीवर आणलं – शून्य. पुन्हा खोलीत नेलं – एक. विजेचा बोर्ड बदलला, प्लग बदलला, ओटीवरूनच वीज ओढली. खोलीत एक तो एकच. माय दाराशी उभी राहून सगळं बघत होती. अजिबात घाबरलेली दिसली नाही.

मला एकच शंका होती. "माय, एलायसने हे बारा वर्षांपूर्वी वाचलं. तेव्हा तर तो स्वतः जिवंत होता. मग तेव्हा एक का यावा?"

"तवा त्याचा बापूस होता ना हितं," माय म्हणाली. "आदल्याच साली या खाटेवर गेलेला."

मी कम्प्युटर बंद केला.

ऑफिसचं काम पूर्ण केलं. त्या कप्प्यात शून्य टाकला, कारण मशिनं अडकायची थांबायला हवी होती. एलायसची टीप उडवली नाही. तिच्याखाली लिहिलं, "मीही पाहिलं. त्याने बरोबर वाचलं होतं." खाली माझं नाव. निखिलने पुरावा मागितला, मी म्हटलं पोयसरला ये. तो आला नाही.

हार्डवेअरवाल्या तिघांना विचारून झालं. एक म्हणाला ओल, एक म्हणाला जवळचा टॉवर, तिसरा नुसताच हसला. ओल आणि टॉवर तर ओटीलाही आहेत. मला आजही याचं उत्तर मिळालेलं नाही, आणि इथे कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा, मी खरंच विचारतेय.

काम झालं त्या रविवारी मायला सांगायला गेले होते. "तुझ्या पोराचं चुकलं नव्हतं, माय. तरी मी शून्यच टाकलाय."

तिने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "तर मंग तू शून्य कशाला केलास गो?"

"बाकी सगळ्यांच्या घरी शून्यच येतो, माय."

"तुज्या घरी पण?"

मी मान डोलावली. मायने चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि त्यात आणखी एक कप पाणी घातलं.