बेडकाच्या कातडीचा कंट्रोल

मीटरचा काटा अठराच्या वर जाईना. पन्नासच्या आसपास जायला हवा होता. साडेअकरा वाजून गेले होते आणि दुपारच्या गाडीने माझे गाइड असलेले सर हैदराबादच्या कॉन्फरन्सला निघणार होते, माझेच आकडे घेऊन.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात फिजिऑलॉजीची डेमॉन्स्ट्रेटर होते. बेडकाची कातडी पाण्यातलं जेमतेम मीठ, म्हणजे सोडियम, आत खेचून घेते. तिचा तुकडा दोन कप्प्यांमध्ये ताणून बसवला की ही ओढ मीटरवर मिलिव्होल्टमध्ये दिसते. आमचा प्रश्न असा, की जंतू गिळलेल्या पांढऱ्या पेशींचा अर्क घातला तर ओढ कमी होते का? होत होती, अगदी झकास. आधी मी साध्या कातड्यांचे, म्हणजे कंट्रोलचे, सगळे आकडे घेतले. मग पंधरा दिवस रजा. आल्यावर अर्कवाल्या कातड्या. आकडे निम्म्याहून खाली! सर खूश. माझा प्रबंधही त्यावरच उभा.

कंट्रोलच्या आलेखावर शाई सांडली, म्हणून सरांनी सकाळी एक ताजा मागितला. अर्काचा थेंबही नाही, तरी काटा अठरावर. मी द्रावण बदललं, इलेक्ट्रोड बदलले, दुसरा बेडूक घेतला. सतरा.

बेडकांची टाकी, खाणं, सगळं आमचे अटेंडंट बिरूमामा बघायचे. सांगोल्याकडचे, घरी मेंढरं.

"मामा, टाकीत काही बदललंय का?"

"मीठ तेवढं टाकतूय की. तुमी रजंवर व्हता तवा लई मरत व्हती. मांड्याला लाल चट्टं. आमी मेंढराला मीठ चारतो, म्हनून हितं बी टाकलं. तवापासनं एक मेलं न्हाय."

"मला सांगायचं नाही का?"

"तुमी आकडंच इचारता बाई. बेडकाचं कवा इचारलं?"

जंतूंवर काम करणारी मी, सरळ टाकीत बोट बुडवून चाटलं. खारट.

लाल चट्टे हा जंतूंचाच रोग. मिठाने तो आटोक्यात येतो, म्हणजे मामांचा उपाय बरोबर होता. पण आयतं मीठ मिळालं की बेडकाच्या कातडीला ओढायची गरज उरत नाही, ती आळसावते. आमच्या अर्काने बहुधा काहीच केलं नव्हतं.

सर स्लाइड्स डब्यात भरत होते. मी एका दमात सांगितलं.

"शाई सांडलेला का होईना, जुना कंट्रोल आहे ना? तोच दाखवू."

"सर, तो बिनमिठाच्या टाकीतला आहे."

"ते तिथे कुणाला कळणार?"

"आपल्याला माहीत आहे ना."

सरांनी हातातली स्लाइड उजेडात धरून पाहिली.

"हे तू मला उद्या सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," ते म्हणाले आणि डबा कपाटात ठेवला. तिकीट काढलेलंच होतं, म्हणून गेले. आपला पेपर न वाचता, इतरांचे ऐकून आले.

पुढे तीन महिने एकाच कातडीचे दोन तुकडे करून एकात अर्क घातला, दुसऱ्यात नाही. दोन्ही काटे सारखेच. कंट्रोल त्याच दिवशी आणि त्याच बेडकाचा घ्यायचा, हे पुस्तकात पहिल्या पानांवर असतं. मला ते शिकायला वर्ष लागलं. प्रबंधाचा विषय बदलला, सर बरेच महिने माझ्याशी मोजकंच बोलत होते. बेडूक मात्र ठणठणीत होते.