शिवणीचा पक्षी

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं आई मरेपर्यंत म्हणायची. शाळेत विज्ञान शिकवायला ते तोंड उपयोगी पडलं. बाकी ठिकाणी त्यानं माती केली, आणि सगळ्यात मोठी माती केली ती चंद्रपूरच्या मैदानावर, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात.

माझे बाबा आलापल्लीच्या एका लाकूड ठेकेदाराकडे मिस्त्री होते. दुरुस्त करायचे ट्रक, पण जीव होता ठेकेदाराच्या अमेरिकन गाडीवर. आज सत्तर वर्षांची झालेली गाडी. रंग फिकट हिरवा, समोर क्रोमचे मोठाले दात, आणि बॉनेट एवढं लांब, की आमच्या घरचं धान त्यावर वाळत घालता आलं असतं. पुढची सीट म्हणजे सोफाच. एवढी अवाढव्य गाडी कोणाला कशाला लागते, हे मला कधी कळलं नाही. पण ती रस्त्यानं निघाली की बाया धानाचा रोवणा सोडून बांधावर येऊन उभ्या राहायच्या. मीही राहायची.

तिचं सामान आमच्या जंगलात कुठून मिळणार? जे मोडलं ते बाबांनी बनवलं. पावसाळ्यांनी तळ सडला, तर सागाच्या फळ्या बसवल्या. दाराची मूठ तुटली, तर भांडी बनवणाऱ्याकडून पितळेची ओतून आणली. बॉनेटच्या टोकावर पंख पसरलेला क्रोमचा पक्षी होता. एकदा वाटेत झुकलेल्या फांदीनं तो उडवला. बाबांनी शिवणीच्या लाकडाचा दुसरा कोरला. रंगाचे थर देऊन, घासून घासून चांदीसारखा केला आणि खालून दोन पितळी स्क्रूंनी पक्का केला. कोणी विचारलं तर म्हणायचे, “काई नाई, धकवलं.”

ठेकेदार गेला. गाडी शेडमध्येच राहिली. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले, तरी रोज सकाळी जाऊन इंजिन चालू करायचे आणि पुसून घरी यायचे. तेवढंच त्यांचं उरलं होतं. मग नागपूरहून ठेकेदाराचा नातू आला. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “मिस्त्रीभाऊ, चंद्रपूरले गाड्यांचं प्रदर्शन आहे. बक्षीस भेटलं तं गाडी जशी आहे तशी इथीच राहीन, तुमच्यापाशी. नाई तं पुण्याले पाठवतो, सगळं असली सामान बसवून घेतो.”

प्रदर्शनाला बाबांनीच गाडी चालवत नेली. शेजारी मी. गोंडपिपरीला चहा घेताना ते म्हणाले, “तिथी तू काई बोलू नको, बाई.” मी हो म्हटलं.

मैदानावर चंद्रपूरची कोळशाची धूळ. बाबा दर दहा मिनिटांनी धोतराच्या मऊ फडक्यानं बॉनेट पुसत होते. परीक्षक आले, हातात कागद. दार उघडलं, फळ्या पाहिल्या, काहीतरी लिहिलं. मूठ पाहिली, लिहिलं. बाबा मागे हात बांधून उभे होते. मग परीक्षक पुढे आले, पक्ष्याजवळ वाकले आणि नातवाला म्हणाले, “तळाचं, मुठीचं एक वेळ चालून जाईल. पण हा मूळचा पक्षी टिकलाय, हे विशेष. सहसा सापडत नाही आता.”

बाबांनी मान खाली घातली. त्यांच्या ओठांत हसू दाबलेलं मला दिसलं. त्या माणसाला उभ्या आयुष्यात कोणी शहाण्यानं शाबासकी दिली नव्हती, आणि आता दिली तीही न कळता. मला ते सहन झालं नाही. मी बोलले. “सर, तो मूळचा नाही. तो माझ्या बाबांनी बनवलाय, लाकडाचा आहे.” तिथेही थांबले नाही. आरशाची चौकट, मागच्या दिव्याची काच, सीटखालच्या पट्ट्या, सगळं हात दाखवत सांगितलं. मला वाटलं, ते बाबांचा हात हातात घेतील.

त्यांनी नखानं पक्ष्यावर टकटक केलं. “कमाल आहे,” म्हणाले, मनापासूनच म्हणाले. आणि कागदावर आधीचं खोडून नवीन लिहिलं. नातू स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिला.

बक्षीस दुसऱ्या गाडीला गेलं. परतताना आष्टीच्या पुलावर मला राहवलं नाही. “बाबा, कोणी बनवलं ते लोकांना कळायला नको का?”

“त्याले नाई कळलं, तेच तं जमलं होतं मले,” ते म्हणाले.

पंधरा दिवसांत ट्रक आला आणि गाडी घेऊन गेला. बाबा सकाळी शेडपर्यंत जात राहिले, मग बुद्धविहारापर्यंत, मग दारापर्यंतच. काही महिन्यांनी नातवानं एक खोका पाठवला. आत पक्षी होता, खालचे दोन स्क्रू तसेच लावलेले, आणि चिठ्ठीत ‘आठवण म्हणून’ असं लिहिलेलं. बाबांनी तो धानाच्या कोठीवर ठेवला. फोनवर नातवानं गाडीचे नवे फोटोही पाठवले होते; मी दाखवायला गेले तर म्हणाले, “मले दिसत नाई आता.” दिसत होतं त्यांना.

हिवाळ्यात मी सुट्टीवर घरी गेले. कडाक्याची थंडी होती. मी उठायच्या आधीच बाबांनी अंगणात चूल पेटवून माझ्यासाठी पाणी तापवलं होतं. मी आंघोळ केली, बाहेर येऊन चुलीपाशी हात शेकायला बसले आणि काडीनं राख सारली. राखेत दोन पितळी स्क्रू होते.

मी बाबांकडे पाहिलं. पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटेना.

“पाणी गरम होतं ना, बाई?” त्यांनी विचारलं.

होतं. चांगलं गरम होतं.