शेवट्याची जास्तीची वर्षं

आमच्या मेव्हण्याला हापिसात सगळे शेवट्या म्हणतात. कॉम्प्युटरवरचा राज्यं जिंकायचा खेळ बनवणारं ते हापिस. खेळ चारशे वर्षांचा आणि त्यातली शेवटची शंभर वर्षं खेळून तपासायचं काम याचं. रोज सकाळी त्याच्यापुढं आयतं जिंकलेलं राज्य येतं. शत्रू उरलेला नसतो, तरी वर्षं संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. खेळाची सुरुवात त्यानं कधी पाहिलीच नाही.

परवा हापिसातल्या मोठ्या मॅडमनी त्याला विचारलं, "खरं सांगा, खेळ कुठं संपवावा? तीनशे वर्षांनंतर लोक कंटाळून उठतात म्हणे."

"हा नाही उठत, मॅडम," शेजारच्या टेबलावरचा म्हणाला. "हा डोळे उघडे ठेवून झोपतो."

शेवट्याच्या मनात तीनशेच होतं. पण तिथं खेळ संपला की त्याचं कामही संपणार, आणि या वयात दुसरीकडं त्याला कुत्रंही विचारणार नव्हतं.

"उलट पन्नास वर्षं वाढवा," तो म्हणाला.

मॅडमनी ऐकलं. आता रोज शंभराऐवजी दीडशे वर्षं खेळून तो घरी उशिरा येतो. माझी बहीण कारण विचारते, तेव्हा चपला काढत म्हणतो, "अगं, राज्य संपतच नाही."