सोमवारी ओढ्यापलीकडे नेलेलं विमान

नऊवारी नेसून विमान कसं चालवता, असं मला आजवर इतक्या लोकांनी विचारलंय की उत्तर पाठ झालंय. काष्टा असतो म्हणून चालवते. पाचवारीवाल्यांनी काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. खरं विचारायचं ते कोणी विचारतच नाही. पावसाळ्यात जिथे धड बैलगाडी जात नसे, त्या मावळात आमच्यासारख्या माणसांनी विमान आणलं कसं आणि ठेवलं कसं? त्या विमानाचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या मुलांच्या पदव्यांचाही नाही, आणि हे मी मुलांच्या तोंडावर सांगते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. लोणावळ्यात माझ्या यजमानांचं मोटारींचं गॅरेज होतं. घाट चढून दमलेल्या मुंबईकरांच्या गाड्या वाफा सोडत आमच्या दारात उभ्या राहायच्या आणि आमचं बरं चालायचं. गावात एक डॉक्टर होते, विलायतेत शिकत असताना विमान चालवायला शिकून आलेले. कान्ह्याला स्टेशनजवळ भाताची गिरणी असलेले एक गृहस्थ होते. नवं काही दिसलं की त्यात भागी घ्यायची त्यांना हौस. या तिघांनी मुंबईच्या एका क्लबातलं आपटलेलं, जुनं, दोन माणसांचं विमान घ्यायचं ठरवलं. मी म्हटलं, चौथी भागी माझी. यजमान हसले, मग माझ्याकडे नीट बघून हसायचे थांबले. आमच्या क्लबात एवढीच माणसं आणि एवढंच विमान.

मालगाडीच्या डब्यातून ते कान्ह्याला उतरलं तेव्हा त्याचा एक पंख मोडलेला होता आणि इंजिनात पाखरांनी घरटं केलं होतं. यजमानांनी ते इंजिन पुन्हा असं बांधलं की पहिल्या हिसक्यात सुरू व्हायचं. मात्र वर गेलं की त्यांनाच मळमळायचं. जमिनीवर इंजिनाचा राजा असलेला हा माणूस आभाळात पिवळा पडायचा. त्यामुळे डॉक्टरांनी मग मलाच शिकवलं. मला काही मळमळलं नाही. उलट पहिल्यांदा लोहगड-विसापूर खाली बघितले तेव्हा मी मोठ्यानं ओरडले होते, आणि डॉक्टरांना वाटलं मी घाबरले.

आमची खरी अडचण आभाळात नव्हतीच. ती होती ओढा. मावळचा पाऊस अंगावर घेईल असं पक्कं छप्पर फक्त गिरणीच्या वखारीला होतं, आणि विमान उतरवण्याजोगा सपाट माळ ओढ्याच्या पलीकडे. मधे भातखाचरं आणि अरुंद बांध, मोटार घातली की रुतलीच. म्हणून विमानाचे पंख मागे मिटायचे, शेपटी एका छकड्यावर बांधायची, छकड्याला बैल जुंपायचे आणि उलट्या तोंडानं विमान माळावर न्यायचं. हे काम आबांचं. आबा म्हणजे कान्ह्यातले वयस्कर शेतकरी. त्यांची बैलजोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती, आणि विमान ओढणारी जोडी म्हणून तर तिला बघायला लोक कामशेतहून यायचे.

आणि एक नियम होता. आमच्याकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. म्हणून आमचा क्लबही सोमवारी बंद. मुंबईच्या लोकांना हे सांगितलं की ते पोट धरून हसायचे. हसू देत.

त्या वर्षी डॉक्टरांना मुंबईच्या इस्पितळात जागा मिळाली. दिवाळीनंतर ते जाणार होते. परवाना फक्त त्यांच्याकडे. ते गेले की विमान उडवायचा हक्क आमच्यापैकी कोणालाच राहणार नव्हता. गिरणीवाल्यांनी सरळ सांगितलं, “वखारीत नुसतं उभं राहायचं असेल तर मी विकतो. गिऱ्हाईक तयार आहे.” राहिली मी. मला परवाना मिळाला तर विमान कान्ह्याला राहणार, नाही तर मुंबईला जाणार.

परीक्षा घेणारे साहेब नेमके त्याच सुमारास खंडाळ्याला कोणाच्या तरी बंगल्यावर राहायला येणार होते. तिथून ते थेट बोटीनं विलायतेला रजेवर. डॉक्टरांनी त्यांना पत्र घालून तारीख पक्की केली. तारीख बघितली, वार बघितला नाही. डॉक्टर पुण्याच्या पेठेतले. बैल त्यांनी आगगाडीच्या खिडकीतून बघितलेले. आम्हीही सगळे नुसती तारीखच घोकत बसलो.

आदल्या संध्याकाळी मी आबांच्या अंगणात गेले. ते बैलांना वैरण टाकत होते.

“आबा, उद्या जरा लवकर या हं. साहेब येणार आहेत.”

“उद्या?” आबा वळले. “उद्या सोमवार हाय, बाय.”

मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर जाणार, साहेब पुन्हा यायचे नाहीत, विमान विकलं जाणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“एकच दिवस, आबा.”

“एक दिस काय आन् एक घटका काय. त्येंचा वार हाय त्यो.”

मग माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला तसा फार वेळ लागत नाही. मी म्हटलं, “बैलांना काय कळतंय सोमवार आहे का मंगळवार!”

“त्येंला न्हाईच कळत,” आबा शांतपणे म्हणाले. “म्हून तर आपन ध्यानात ठिवायचं.”

मी आणखी चिडले. तुमच्यामुळे विमान जाईल, गावाला याचं काही नाही, असं बरंच काही बोलून मी तरातरा स्टेशनवर आले. गाडीत डोळे पुसले आणि घरी पोचण्याआधी ते पुसल्याचंही कोणाला कळू नये म्हणून तोंड धुतलं. यजमान म्हणाले, गॅरेजमधली माणसं घेऊन जाऊ, बघू जमतं का. ते जमणार नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं. सुक्या जमिनीवर ठीक, पण ओढ्यातल्या रेतीतून आणि पलीकडच्या दरडीवरून एवढ्या थोड्या माणसांनी विमान चढवणं शक्य नव्हतं.

पहाटेच्या गाडीनं आम्ही कान्ह्याला उतरलो. वखारीपाशी गर्दी दिसली. मला वाटलं, विमान चाललं म्हणून लोक शेवटचं बघायला आलेत. जवळ गेले तर सगळ्यांच्या पुढे आबा, मुंडाशाची चुंबळ करून खांद्यावर ठेवलेली. त्यांच्यामागे अर्धं गाव. डोंगराकडच्या वाडीतली माणसंही आलेली. गावातले मुसलमान दुकानदार भाऊ, ज्यांच्याकडून आम्ही इंजिनाला पुसायला चिंध्या घ्यायचो, ते काथ्याचा नवा कोरा दोर घेऊन उभे होते.

“आबा, हे काय?”

“बैलांला सुट्टी हाय,” आबा म्हणाले. “आमाला कुटं हाय?”

औत धरायचं नाही म्हणून त्या दिवशी गडीमाणसं घरीच होती. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

विमान जड असतं खरं, पण नाजूकही तेवढंच. वरून सगळं कापड. बोट जोरात रुतलं तर आरपार. मी सगळ्यांना कुठे धरायचं आणि कुठे हात लावायचा नाही ते दाखवलं, आणि मग सारा वेळ ओरडत राहिले. “तिथं नको! चाकाजवळ! शेपटी उचला, वाकवू नका!” दोराला पुढे माणसं, बाजूंना माणसं, आबा हाळी देणार आणि बाकीच्यांनी ओढायचं. पालखी घाटीवर नेताना जसा आवाज लावतात तसाच त्यांनी लावला. “चांगभलं!” म्हटलं की विमान हातभर सरकायचं.

ओढ्यात चाकं रुतली. पाणी गुडघ्याच्या वर. बायका कडेला धुणं टाकून बघत होत्या. त्यांतली एक मावशी म्हणाली, “बाय, ह्येला आबाळात उडता येतं आन् वढा वलांडता येत न्हाई व्हय?” सगळे हसले, आणि हसता हसता ती मावशीच पदर खोचून पाण्यात उतरली. तिच्यामागून बाकीच्या. दरडीवर मात्र कोणी हसत नव्हतं. एकदा विमान मागे घसरलं, पण आबांनी आणि दुकानदार भाऊंनी चाकांमागे चक्क स्वतःच्या पाठी लावल्या. पुढच्या हाळीला ते वर चढलं.

एव्हाना साहेब येऊन पलीकडे माळावर उभे होते. त्यांनी डॉक्टरांना इंग्रजीत विचारलं की ही माणसं का ओढताहेत. डॉक्टर चाचरायला लागले. मीच पुढे होऊन सांगितलं, आज बैलांचा सुट्टीचा वार आहे. साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा चिखलानं माखलेल्या त्या सगळ्या माणसांकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पंख उघडले, खुंट्या बसवल्या, यजमानांनी नाकावरचा पंखा फिरवला. मी एकटी वर गेले. खरं सांगते, विमानाची दांडी मी मुठीत आवळून धरली होती. साहेबांनी सांगितलेल्या उंचीवर पोचले, मग आठाच्या आकड्यासारखे फेरे घ्यायचे होते. पहिला फेरा वाकडा गेला. दुसऱ्या फेऱ्याला खाली बघितलं. इंद्रायणी, रेल्वेचे रूळ, पिवळी पडत चाललेली खाचरं, आणि घरोघरच्या अंगणात बसून रवंथ करणारे बैल. कुठेही एकाच्या मानेवर जू नव्हतं. एवढ्या मुलखात एकानंही नियम मोडला नव्हता, आणि विमान तरीही आभाळात होतं. दांडीवरची माझी मूठ आपोआप सैल झाली. पुढचे फेरे मी असे घेतले की तसे मला पुन्हा कधी जमले नाहीत.

शेवटी इंजिन बंद करून, माळावर चुन्यानं आखलेल्या गोल कड्याजवळ उतरायचं होतं. इंजिन थांबलं की वारा ऐकू येतो आणि माणूस फार एकटा होतो. मी उतरले. एक चाक कड्यात थांबलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, परवाना टपालानं येईल.

यजमानांनी आधी इंजिनाला हात लावून ते तापलं नाही ना ते बघितलं, मग माझ्याकडे आले. तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, त्यामुळे मी त्यांना माफ केलं. गिरणीवाले म्हणाले, आता गिऱ्हाइकाला कळवतो की विमान विकायचं नाही. माणसांत एकच गलका झाला.

आबा मात्र दोर गोळा करत होते. “झालं का मनासारखं?” त्यांनी विचारलं.

“झालं, आबा. विमान आता कुठे जात नाही.”

“बरं झालं. पर वखारीत तर नेयाला लागंल. अजून सोमवारच हाय.”

सगळे पुन्हा दोराला लागले. कोणीतरी म्हणालं, बाईंनी आत बसावं, आम्ही ओढत नेतो, मिरवणुकीसारखं. दोन-चार जणी मला वर ढकलायलाही लागल्या. मी पंखावरून खाली उडी मारली, काष्टा घट्ट केला आणि दोर धरला. आबांनी सरकून मला आपल्या पुढे जागा दिली.

“तू म्होरं हो. तुजं इमान हाय.”

“माझं नाही, आबा,” मी म्हटलं. “गावाचं आहे.”

आबांनी दोर खांद्यावर घेतला.

“मंग जोर लाव की,” ते म्हणाले.